बारा बाटल्या

जांबोटीच्या पुढं डांबर संपतं,
मग तांबडी वाट, मग नुसती ढोरवाट,
आणि ढोरवाटेच्या टोकाला सात घरं.
कागदावर त्यांना नाव नाही,
वर्षानुवर्षं 'वरचा वाडा' एवढंच.

पाण्याचा तुटवडा म्हणाल तर हसतील इथं.
चार महिने भिंतींनाही शेवाळ धरतं,
ओढा चढला की रेशनचा तांदूळ पलीकडंच राहतो,
आणि नाचणीची कणगी
तळाला हात लागेपर्यंत काही बोलत नाही.

मी वजनकाटा आणला होता.
फणसाच्या फांदीला टांगला, झोळीत पोर घातलं.
बमीचा धाकटा नवलू, दीड वर्षाचा :
सहा किलो आठशे.
मागच्या खेपेला, शेंगदाण्याच्या पिठाची अठरा पाकिटं देण्याआधी,
सहा किलो आठशेच.

"खातो की," बमी म्हणाली, "सगळं खातो.
खातो आणि जातं."
म्हणताना तिनं झऱ्याच्या वाटेकडं पाहिलं.
तिथंच बसवायची त्याला,
आडोसा त्याच बाजूला होता.

म्हणून बारा बाटल्या.
झऱ्याच्या, डोहाच्या, घराघरातल्या हंड्यांच्या.
रात्रभर ऊब लागते त्यांना,
आणि आश्विनातली रात्र इथं घोंगडीतही गारठते.
अकरा मी चुलीशेजारी भुशात पुरल्या.
बारावीला जागा उरली नाही.
"दे इकडं," जाकाबाई म्हणाली,
आणि चोळीत खोचली,
तंबाखूची पिशवी असते तिथं.

सकाळी बाटली काळी.
पुरलेल्यांतल्या नऊही तशाच, पण त्या कुणी पाहिल्याच नाहीत.
ती आपली उंबऱ्यावर बसून
उजेडाकडं धरून फिरवत राहिली.
"माझ्या अंगानं झालं का गं हे?"

नाही, म्हटलं. पाण्यातच होतं.
ऊब लागली तेव्हा दिसलं.

"मग माझी शेवंता?
आणि तिच्या पाठची, नाव ठेवायची राहिलेली?
पोटाला डाग दिले त्यांच्या, तापल्या विळ्यानं.
दूध तोडलं. मी उपास धरले.
पाणी तेवढं पाजत होते घोट घोट.
शेवटपर्यंत पाजत होते."

माझ्या वहीत ह्याला रकाना नव्हता.

खानापुरात अर्ज दिला. कन्नडात लिहिलेला,
मराठीत समजावलेला.
जाकाबाई मधेच आपल्या बोलीत काही म्हणाली
तेव्हा टेबलामागचे सगळे
पहिल्यांदाच एकमतानं हसले.
चार खेपा झाल्या शिक्क्यासाठी.
दहा पोती सिमेंट आलं, त्यातली दोन दगड झालेली.

बाकीचं वाड्यानं केलं.
जांभा फोडला, झऱ्याला पेटी बांधली, वर झाकण.
खाली, लांब, खड्डे खणले.
म्हशींना वेगळी वाट काढली,
ती म्हशींनी आठ दिवस मानली नाही.
विठू पाटडे अजून बोलत नाही माझ्याशी :
त्याची गाभण म्हैस त्या नव्या वाटेवरच घसरली.

माघात पुन्हा बारा.
जाकाबाईनं एक मागून घेतली.
सकाळी पाणी होतं तसंच, फिकं पिवळं.
तिचा विश्वास बसेना, आणखी एक रात्र ठेवली.
मग तिसरी.
आता दे, टाकून देऊ, म्हटलं,
तर म्हणाली, "असू दे की."

काटा फणसाला. नवलू रडून लालबुंद.
सात किलो शंभर.
"म्हणजे किती वाढला?"
तीनशे ग्रॅम, मी म्हटलं.
कमीच आहे, तक्त्यावरच्या रेषेच्या अजून खाली आहे तो,
हेही सांगणार होते,
पण जाकाबाईनं चुलीपाशचे दोन कांदे उचलले,
हातावर तोलले,
एक परत ठेवला, जरा मोठा घेतला,
आणि बमीच्या ओंजळीत दिले :
"धर. एवढा."